हँडवॉशचे सत्तर ठिपके

पत्र:

"माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 'कोणता साबण जास्त जंतू मारतो' हा विषय घेतला. घरात नेहमी येणारे दोन जंतुनाशक साबण, सासूबाईंचा साधा अंगाचा साबण आणि बेसिनवरचा हँडवॉश अशी तुलना करायची होती. चायना ग्रास, बटाट्याचं पाणी आणि थोडी साखर घालून तिने जेली केली, झाकणाच्या छोट्या डब्यांत ओतली, आणि प्रत्येक साबणाने हात धुऊन बोटं त्यावर टेकवली. तीन दिवसांनी ठिपके मोजले. न धुतलेल्या हाताचे ३४, साध्या साबणाचे २९, जंतुनाशक साबणांचे ४१ आणि २६, आणि हँडवॉशचे चक्क ७०. पोरगी रडकुंडीला आली. सर म्हणाले, असा निकाल लावलास तर परीक्षक हसतील, जरा नीट करून आण. आता तिला आकडे बदलायचे आहेत. तिचे बाबा म्हणतात, बदलू दे, नववीचं तर प्रदर्शन आहे. सासूबाई म्हणतात, आम्ही राखेने हात धुतले, काय झालं आम्हाला? धाकटा झाल्यापासून आठ वर्षं मी महागाचे साबण आणते आहे. त्याच्या मानेवर नायटा उठला तेव्हाही त्याच साबणाने चोळून आंघोळ घातली. कोणाचं खरं धरू? आणि साबण कोणता आणू?"

— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

सगळ्यात आधी एक विनंती. लेकीला वहीतला एकही आकडा खोडू देऊ नका. प्रदर्शन तोंडावर आलं असेल तर आज तिला एवढंच वाचून दाखवा, बाकीचं सावकाश वाचा. तिचे आकडे चुकलेले नाहीत. तिने जेलीला एक प्रश्न विचारला आणि जेलीने भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, एवढंच झालं आहे. हे भल्याभल्यांच्या बाबतीत होतं.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढली. परिचारिकांच्या, डॉक्टरांच्या, कधी स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हातांचे ठसे पेट्री डिशवर, म्हणजे जेली ओतलेल्या चपट्या बशीवर, घ्यायचे, ते उबवणी यंत्रात ठेवायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे, हे माझं काम. हात धुतल्यावर आकडा वाढलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की तुमच्या पत्रातले ४१ वाचून जुनं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

असं का होतं ते सांगते. आपल्या कातडीवर दोन तऱ्हेचे जिवाणू असतात. काही तिथलेच रहिवासी. ते कातडीच्या वरच्या थरांत, सांदीकोपऱ्यांत जन्मभर राहतात. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा उपद्रव नसतो. उलट त्यांनी जागा अडवलेली असते म्हणून बाहेरच्या उपद्रवी जंतूंना बस्तान मांडणं जड जातं. दुसरे असतात पाहुणे. दाराच्या कडीवरून, नोटांवरून, बाळाचं दुपटं बदलताना, कच्ची कोंबडी धुताना बोटांवर आलेले. जुलाब आणणारे जंतू बहुतेक या दुसऱ्या गटातले. फिलिप प्राइस या अमेरिकी शल्यविशारदाने हा भेद १९३८ मध्ये मांडला आणि हात धुण्याचं सगळं शास्त्र अजून त्याच पायावर उभं आहे.

पाहुणे वरवर चिकटलेले असतात, साबण-पाण्याने चोळलं की निघून जातात. पण चोळण्याने मेलेल्या कातडीचे बारीक पापुद्रेही सुटतात, आणि आत दडलेले रहिवासी उघड्यावर येतात. तेवढ्यात बोट जेलीवर टेकवलं की ते तिथे उतरतात, आणि तीन दिवसांनी प्रत्येकाचा एकेक ठिपका झालेला असतो. पाहुणे गेले आणि रहिवासी बाहेर आले, पण जेलीला त्यातला फरक कळत नाही. तिच्या लेखी सगळे ठिपके सारखे. तुमच्या लेकीला मोजायचे होते पाहुणे, मोजले गेले बरेचसे घरचे.

आता त्या सत्तरकडे वळू, कारण पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा मला तोच वाटतो. हँडवॉशची बाटली संपत आली की तुमच्याकडे त्यात पाणी घालून हलवतात का? बहुतेक घरांत घालतात, मीही वर्षानुवर्षं घातलं आहे. हँडवॉश टिकावा म्हणून त्यात परिरक्षक घातलेलं असतं, ते ठरावीक प्रमाणात असेल तरच काम करतं. नळाचं पाणी घातलं की ते पातळ होतं, आणि बाटलीच्या तळाशी, पंपाच्या नळीत जंतू वाढू लागतात. मग हात धुताना आपण ते हातांवर ओतून घेतो. हे अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत, वरून साबण ओतून पुन्हा पुन्हा भरायची भांडी लावलेली होती. त्यातला साबण तपासला तर दूषित निघाला. मुलांनी आणि शिक्षकांनी त्या साबणाने हात धुतल्यावर त्यांच्या हातांवरचे ग्रॅम-निगेटिव्ह जातीचे जिवाणू (हा जिवाणूंचा एक मोठा गट, ई. कोलाय त्यातलाच) सरासरी २६ पट वाढलेले आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला.

वडीच्या साबणाची गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती सासूबाईंना जरूर सांगा. सगळ्या घराने एकच वडी वापरली तर एकाचे जंतू दुसऱ्याला लागतील अशी भीती अनेकांना वाटते. १९८८ मध्ये संशोधकांनी साबणाच्या वड्यांना मुद्दाम ई. कोलाय आणि स्यूडोमोनस हे जिवाणू भरपूर लावले आणि १६ जणांना त्यांनी हात धुवायला सांगितले. धुतल्यावर एकाच्याही हातावर ते जिवाणू मोजण्याइतके सापडले नाहीत. वडीच्या पृष्ठभागावर जे काही असतं ते फेसाबरोबर वाहून जातं. मात्र साबणदाणीला भोकं हवीत, खाली पाणी साठून वडी गिळगिळीत राहायला नको.

पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे: धुतलेले हात तिने कशाने पुसले? बेसिनशेजारी लटकणाऱ्या, दिवसभर ओल्या राहणाऱ्या टॉवेलला पुसले असतील, तर धुतलेल्या हातांच्या चारही डब्यांतल्या ठिपक्यांत त्या टॉवेलचा वाटा आहे. आमच्या एका वॉर्डात हातांचे आकडे काही केल्या खाली येत नव्हते. दोनदा साबण बदलून झाला. शेवटी सिंकजवळचा सामाईक टॉवेल काढला, कागदी रुमाल ठेवले, आणि पुढच्या आठवड्यापासून आकडे उतरू लागले. ओल्या हातांवरून जंतू पटकन इकडचे तिकडे जातात, म्हणून हात कोरडे करणं हा धुण्याचाच भाग आहे. ते कशाने कोरडे करतो याकडे मात्र आपण बघतच नाही.

आणखी एक. प्रत्येक साबणाचा डबा एकच होता. एकाच हाताचे लागोपाठ तीन ठसे घेतले तरी एकदा वीस, एकदा पंचेचाळीस असा फरक पडतो. मग २९ आणि २६ यांत, किंवा ३४ आणि ४१ यांतही, जास्त-कमी काही ठरत नाही. ७० मात्र एवढा वेगळा आहे की त्याच्या मागे लागायला हवं. तेही पुन्हा करून बघितल्यावरच.

प्रदर्शनाला आठ-दहा दिवस असतील तर तिला प्रयोग पुन्हा करू द्या. साबणांची नावं झाकून त्यांवर क्रमांक घालायचं काम धाकट्याला द्या, म्हणजे मोजताना तिला कोणता डबा कोणत्या साबणाचा ते माहीत नसेल. आपल्याला हवा तसा ठिपका दिसतो, हे मी माझ्याच डोळ्यांनी अनुभवलं आहे. दर वेळी घड्याळ लावून वीस सेकंद चोळायचं, सारखंच पाणी ओतायचं, हात हवेत वाळवायचे, आणि प्रत्येक साबणाचे निदान पाच ठसे घ्यायचे. नुसत्या पाण्याने धुतलेला हात हा एक प्रकार पहिल्या वेळी राहून गेला, तो यात हवाच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय साबणाने काय केलं ते कळणार कसं? आणि एका डब्यावर काहीच टेकवायचं नाही. त्यातही ठिपके उगवले तर दोष जेलीतच आहे.

चायना ग्रास घेतलं हे तिने फार छान केलं. प्रयोगशाळेत जे आगर वापरतात ते हेच, आणि ते प्रयोगशाळेत आलं स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे जिवाणू जिलेटिनवर वाढवत. उकाड्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जिवाणू तर ते खाऊन त्याचं पाणी करायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेलीसाठी आगर वापरत. उन्हाळ्यात तुझी जेली घट्ट कशी राहते, असं नवऱ्याने विचारलं आणि त्यांनी आगरचं नाव सांगितलं. लेकीला तक्त्यावर एका कोपऱ्यात हे लिहायला सांगा. फॅनीबाईंचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, साबण कोणता आणायचा. जाहिरातीत म्हणतात ९९.९ टक्के जंतू मारतो, मग साधा साबण आणि तो साबण सारखे कसे?

आधी त्या आकड्याकडे बघा. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के गेले तर एक हजार उरतात. पोषक पाणी आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे साडेतीन तासांच्या आत हजाराचे पुन्हा दहा लाख. हातावर इतकी सोय नसते हे खरं, पण आकडा ऐकून वाटतो तेवढा अंतिम नाही. शिवाय तो आकडा कुठला, ते बारीक अक्षरांत असतं: ठरावीक जिवाणू, ठरावीक वेळ, प्रयोगशाळेतली चाचणी. आपण मात्र बेसिनवर हात धुतो ते पाच-दहा सेकंद, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

कोरियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकी हीच तुलना केली. एक साधा साबण, आणि दुसरा तोच साबण ०.३ टक्के ट्रायक्लोसान घातलेला. ट्रायक्लोसान हा त्या काळी जगभरच्या जंतुनाशक साबणांतला नेहमीचा घटक. वीस जातींच्या जिवाणूंवर दोन्ही साबण दहा, वीस, तीस सेकंद ठेवले, साध्या तापमानाला आणि कोमट असताना. दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. माणसांच्या हातांवर करून पाहिलं, तिथेही नाही. ट्रायक्लोसानचा परिणाम दिसला तो नऊ तासांनी. नऊ तास कोणी हाताला फेस लावून बसत नाही, ताई.

याचं कारण साबणाच्या कामाच्या पद्धतीत आहे. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. हातावरचं तेल, घाण आणि त्यात रुतलेले जंतू तो सोडवतो आणि पाणी ते घेऊन जातं. करोनासारख्या विषाणूंभोवती मेदाचं आवरण असतं, ते तर साबणाने फाटतंच. पण जुलाब आणणाऱ्या कित्येक जिवाणू-विषाणूंना साबण मारत बसत नाही, मोरीत वाहून नेतो. आणि मोरीत गेलेला जंतू मेलेला की जिवंत, याने तुमच्या लेकराच्या पोटाला काही फरक पडत नाही. म्हणून 'कोणता साबण जास्त मारतो' या प्रश्नापेक्षा 'धुतल्यावर हातावर काय उरतं' हा प्रश्न उपयोगाचा. लंडनमध्ये वीस जणांनी सार्वजनिक ठिकाणच्या कड्या आणि कठड्यांना मुद्दाम हात लावले आणि मग हातांवर विष्ठेतले जिवाणू आहेत का ते तपासलं. न धुतलेल्या हातांच्या ४४ टक्के नमुन्यांत ते सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर २३ टक्क्यांत, साध्या साबणाने धुतल्यावर ८ टक्क्यांत. साबण साधाच होता. युरोपात हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांची जी प्रमाणित चाचणी आहे, तिच्यातही कसोटीचा दगड म्हणून साधा मऊ साबणच वापरतात. नवा साबण त्याच्याहून ठळकपणे सरस ठरला तरच पास. नुसत्या पाण्याशी तुलना करून जिंकणं सोपं असतं.

हे झालं हातांचं. मुलांची आजारपणं कमी होतात का, हे बघायचं असेल तर कराचीला जावं लागेल. तिथल्या गरीब वस्त्यांत संशोधक स्टीफन लुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास वर्षभर घरोघरी साबण फुकट वाटला, हात कसे धुवायचे ते दर आठवड्याला जाऊन सांगितलं. सहाशे घरांपैकी निम्म्यांना साधा साबण, निम्म्यांना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बन असलेला जंतुनाशक साबण. तिनशेहून थोड्या जास्त घरांना तुलनेसाठी वेगळं ठेवलं. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी, पंधरा वर्षांखालच्यांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी, आणि कातडीवर पिकणाऱ्या फोडांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्यात मात्र फरक नाही. इतक्या वर्षांनीही हे आकडे वाचताना मला भरून येतं. कुठलं महागडं औषध नाही, लस नाही, एक साधी वडी, आणि लेकरांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. न्यूयॉर्कमध्ये २३८ घरांत ४८ आठवडे असाच अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथेही जंतुनाशक वस्तू वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या घरांतल्या सर्दी, ताप, जुलाबांत फरक दिसला नाही.

२ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसकट १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला सांगितले, त्यामागचं कारण हेच. साध्या साबणापेक्षा जास्त फायदा होतो आणि रोज वर्षानुवर्षं वापरणं सुरक्षित आहे, याचे पुरावे कंपन्यांना देता आले नाहीत. क्लोरोझायलेनॉल आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड धरून तीन घटकांचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला. हा नियम अमेरिकेपुरता, आणि धुऊन टाकायच्या घरगुती साबणांपुरता. रुग्णालयांना तो लागू नव्हता.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ट्रायक्लोसान जिवाणूला कसं मारतं, ते १९९८ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी शोधलं. ते प्रतिजैविकासारखं जिवाणूतल्या एकाच विकराला (एन्झाइमला) धरतं, आणि त्या विकरात थोडा बदल झाला की जिवाणू त्याला दाद देत नाही. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध ज्याला धरतं, ते विकर याच कुळातलं. क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी चुलतभावात असेही बदल प्रयोगशाळेत सापडले की जे ट्रायक्लोसानलाही पुरून उरतात आणि आयसोनियाझिडलाही. साबणामुळे माणसांत क्षय बळावला असं कोणी दाखवलेलं नाही, तसं मी म्हणतही नाही. पण क्षयाशी झगडणाऱ्या आपल्या देशात, साध्या साबणापेक्षा काही जास्त न देणारा घटक मोरीतून रोज ओढ्यात सोडावा, हे मला पटत नाही.

तर साबण कोणता आणायचा? साधा. सासूबाईंचाच आणा. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार' ते बघा, आणि टीएफएम या अक्षरांपुढचा आकडा बघा. तो साबणातल्या स्निग्धांशाचा आकडा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के असतो, बेदिंग बारमध्ये ४० टक्क्यांवरही चालतो. जंतूंशी त्याचा संबंध नाही, पण जास्त टीएफएमचा साबण सहसा लवकर झिजत नाही आणि कातडी कमी कोरडी पडते. ज्या साबणाने हात फुटतात, त्याने माणूस हात धुवायचंच टाळतो. पाणी गार असलं तरी चालतं. २०१७ मध्ये १५, २६ आणि ३८ अंशांच्या पाण्याने हात धुऊन पाहिले, जिवाणू सारखेच निघाले. बाहेर पाणी नसेल तेव्हा ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं सॅनिटायझर ठीक, पण चिखल किंवा तेलकटपणा लागलेल्या हातावर ते नीट काम करत नाही.

जंतुनाशकाची जागाही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने हात घासतात, कारण ते कातडीला चिकटून राहतं आणि हातमोज्याच्या आत रहिवाशांनाही काही तास वाढू देत नाही. तिथे रहिवासीसुद्धा नको असतात, कारण उघड्या पोटात ते निरुपद्रवी राहत नाहीत. घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, किंवा शस्त्रक्रियेआधी अंघोळीसाठी डॉक्टरांनी तसं द्रावण लिहून दिलं असेल, तर त्यांचं ऐका. आठवीतल्या-नववीतल्या धडधाकट मुलांच्या रोजच्या हातांना त्याची गरज नाही.

सासूबाईंच्या राखेची थट्टा करू नका. राख क्षारयुक्त असते, तेलकटपणा तोडते आणि खरखरीत असल्यामुळे चोळलं जातं. साबण नसेल तिथे नुसत्या पाण्यापेक्षा राख केव्हाही बरी, बांगलादेशातल्या पाहण्यांतही हे दिसलं आहे. पण त्यांच्या वेळी चुलीत लाकूड आणि गोवऱ्या जळत, आता प्लास्टिकही जातं. मातीने हात धुणं मात्र नको, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

नायट्याचं आधी लिहायला हवं होतं, राहून गेलं. नायटा बुरशीमुळे होतो, जिवाणूंमुळे नाही. जंतुनाशक साबण त्याला हात लावू शकत नाही, आणि चोळण्याने कातडी सोलवटून तो पसरतो. अजून असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. औषधाच्या दुकानातून विचारून मलम आणू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने चार दिवस खाज थांबते आणि खालून नायटा फोफावतो. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बरे न होणारे नायटे वाढले त्यात या मलमांचा मोठा हात आहे. त्याचा टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, कडक उन्हात वाळवा, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस मलम पूर्ण लावा, डाग दिसेनासा झाला तरी.

आता लेकीचा तक्ता. तिच्या बाबांना माझा निरोप द्या: नववीचं प्रदर्शन आहे म्हणूनच आकडे बदलायचे नाहीत. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक आकडा बदलला होता, प्रात्यक्षिकाच्या वहीत, शेजारणीच्या आकड्याशी जुळावा म्हणून. नंतर कळलं, तिचीच डिश बिघडली होती आणि माझी बरोबर होती. माझ्या हाताने मी खरं उत्तर पुसलं. पुढे पंचवीस वर्षांत प्रयोगशाळेच्या वहीत मी एकदाही खोडरबर वापरलं नाही. सरांना हे उत्तर दाखवायला हरकत नाही. परीक्षक हसतील ही त्यांची काळजी मुलीपोटीच असेल. पण जो परीक्षक कधी डिशसमोर बसला आहे, तो हसणार नाही. तो विचारेल, ७० का आले? त्या वेळी तिच्याकडे बाटलीत घातलेल्या पाण्याचं उत्तर असेल.

तक्त्याचं शीर्षक तिने बदलावं, एवढं मात्र सुचवते. 'कोणता साबण जास्त जंतू मारतो' ऐवजी 'हात धुतल्यावर ठिपके वाढले, कारण काय असेल?' असं. आणि शेजारी एक सोपा देखावा ठेवावा: खोबरेल तेलात काजळ कालवून तळहातांना आणि बोटांना चोळायचं. एका मैत्रिणीने नुसत्या पाण्याने धुवायचं, दुसरीने साबणाने पाच सेकंद, तिसरीने वीस सेकंद. अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला काळं कसं राहतं ते बघणाऱ्याला लांबूनही दिसेल. साबणाचं काम यातून जेलीपेक्षा जास्त स्पष्ट कळतं.

शेवटी एक काम तुमचं स्वतःचं, ते तिला करू देऊ नका. त्या डब्यांत आता कोट्यवधी जिवाणू आहेत, आणि बटाटा-साखरेमुळे बुरशीही असणार. झाकणं चिकटपट्टीने बंद करा, प्रदर्शनातही बंद डबेच ठेवा, कोणी उघडून वास घ्यायचा नाही. प्रदर्शन झालं की जुन्या बादलीत एक भाग ब्लीचचं द्रावण आणि नऊ भाग पाणी घ्या, हातमोजे घालून डबे त्यात बुडवा, पाण्याखालीच झाकणं सैल करा आणि रात्रभर तसेच राहू द्या. बादली मोकळ्या हवेत ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड तिच्या जवळपासही नको, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. सकाळी पाणी संडासात ओतून द्या आणि डबे पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पुन्हा डाळ-तांदूळ भरायला ते वापरू नका.

हँडवॉशची बाटलीही त्याच वेळी टाकून द्या. फक्त त्याआधी त्यातले दोन थेंब एका कोऱ्या जेलीवर टाकून बघायला सांगा तिला.